केस क्रमांक सात

दर दुसऱ्या मंगळवारी, नगरपालिकेच्या वरच्या खोलीत,
जिथला हीटर एकतर भाजतो नाहीतर झोपतो,
मी इतिवृत्त लिहिते.
खिडकीबाहेर स्लेटच्या फुटक्या पाट्यांचा ढीग,
त्यावर मेंढ्या, त्यावर वेल्सचं राखाडी आभाळ.

केस क्रमांक सात. एलेरी. वय एकतीस.
वेळ अकरा मिनिटं.

घरखात्याचा गेथिन सांगतो, मार्चपासून तीनदा
एकच दार बदललंय. न्हाणीघराचं.
अर्जात कारण, 'ओलीनं फुगलं'.
शाळेच्या तेग्वेनबाई म्हणतात, मोठा पोहायला येत नाही,
दर गुरुवारी पोटात दुखतं त्याच्या.
आरोग्यसेविका माइर : मनगट. मग पुन्हा तेच मनगट.
बर्फावर घसरले, म्हणाली.
"मे महिना होता," माइर म्हणते, आणि पेन खाली ठेवते.
सार्जंट इदवलकडे दोन फोनांची नोंद,
दोन्हींत मागे टीव्ही मोठ्यानं
आणि 'चुकून लागला, माफ करा'.

झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात.
इथेही झाकलेल्याच होत्या इतके दिवस,
नियमानं, गोपनीयतेनं, थोड्या आळसानंसुद्धा.
आज टेबलावर उघडल्या
तर सगळ्यांत
एकाच माणसाच्या मुठीचा ठसा.

कोणी बोलत नाही. हीटर झोपलेला.
मग भराभर :
फोन बुधवारी, दहा ते अकरा, तो खाणीवर असताना.
दातांच्या दवाखान्यातून बोलतोय म्हणायचं.
कुलूप गेथिन बघेल.
मुलाजवळ तेग्वेनबाई बसतील, काही न विचारता.
अग्निशमनचा पोरगा, कालच रुजू झालेला, चाचरत म्हणतो,
दारातली टपालाची फट आतून बंद करून देऊ का?
कशासाठी, ते सांगत नाही.
पेट्रोल हा शब्द मीही लिहीत नाही.

उपस्थित, नऊ.
अनुपस्थितच्या रकान्यात
फक्त रजेवरच्यांची नावं येतात आमच्याकडे.

माझी आई याच गावातली, वरच्या आळीत राहायची.
तेव्हाही पोलीस होते, नर्स होती, शाळा होती.
आई रस्त्यात सगळ्यांना हसून 'बोरे दा' म्हणायची
आणि सगळे तिला उलट म्हणायचे.

अध्यक्ष पान उलटतात. केस क्रमांक आठ.
मी कधी बोलत नाही बैठकीत, बोलायचं नसतं,
तरी विचारते :
बुधवारी तिनं फोन उचललाच नाही तर?

"तर गुरुवारी मी बाळाचं वजन करायला जाते," माइर म्हणते.
"ते झालंय ना गेल्याच आठवड्यात?"
"पुन्हा करीन."