बारा बाय आठ

दुकानाचं शटर मी हल्ली पूर्ण उघडत नाही.
वाकून आत या, म्हणतो गिऱ्हाइकांना,
स्प्रिंग गेलीये.

अप्पर डेपोच्या उतारावर माझं फ्लेक्सचं दुकान.
बारसं, वाढदिवस, निवड, दहावा,
शाई तीच.
जिवंत माणसामागे उगवता सूर्य लावायचा,
मेलेल्यामागे ढग.

प्रणय ढमढेरेच्या मागे मी ढग लावले.
वय बावीस. समोरच पंक्चर काढायचा.
आईकडे एकच धड फोटो, कुणाच्या तरी लग्नातला,
खांद्यावर कुणाचा तरी हात.
हात मी पुसला, पण चार बोटं राहिलीच शर्टावर.
मंदाताई म्हणाल्या, असू द्या, कुणीतरी धरलंय त्याला.
तीन बाय दोन. पैसे घेतले नाहीत.

भांडण कसलं, तर हवा भरली
आणि दहा रुपये मागितले.
रात्री पावणेदहाला ते परत आले, तिघं, कोयते घेऊन.
मी शटर अर्धं ओढलं.
खालच्या फटीतून फक्त पाय दिसत होते.
एकाचे बूट पांढरे होते.
थोड्या वेळाने नव्हते.

पोलिसांनी तिघांना वस्तीतून फिरवलं, दोरी लावून, लंगडत.
काय गर्दी! गॅलऱ्यांतून मोबाईल.
टपरीवाला म्हणाला, आता कसं बरं वाटलं,
कुणी म्हणालं, इथंच गोळ्या घाला.
मीही वाजवल्या टाळ्या, हात लाल होईपर्यंत.
पण टाळ्यांचा कागद फायलीला लागत नाही.
दोषारोपपत्र नव्वद दिवसांत जायचं होतं,
एक्क्याण्णवाव्या दिवशी साहेब बंदोबस्तात होते.
येरवड्याचं दार उघडलं,
कायद्यानेच उघडलं, कुणी तोडलं नाही.

त्याच रात्री पोरं आली, पेन ड्राइव्ह घेऊन.
भाऊ सुटला. बारा बाय आठ. सकाळी चौकात पाहिजे.
मागे काय लावू?
सूर्य लाव की, येड्या.

मशीन वरून खाली छापतं.
आधी केस आले, मग गॉगल,
मग जोडलेले हात, मंडळाची बावीस नावं,
सगळ्यात शेवटी बूट.
पांढरे, नवे.
मी थांबवलं नाही मशीन.
पैसे मात्र त्यांनी दिले, रोख, वर शंभर.

मी साक्षीदार क्रमांक सात.
अजून बोलावणं नाही.
सरकारी वकील म्हणाले, समोरचा विचारणारच,
पायांवरून माणूस ओळखता येतो का?
विचार करून ठेवा.
दीड वर्ष मी विचार करून ठेवतोय.

मंदाताई मात्र प्रत्येक तारखेला शिवाजीनगरला जातात.
डबा घेऊन, दोन बस बदलून.
एकदा आरोपीचा वकील आजारी,
एकदा आरोपीच आजारी, त्या दिवशी तो सिंहगडावर होता,
फोटो सगळ्यांनी पाहिला, कोर्टाने सोडून.
शिपाई आता त्यांना ओळखतो,
आजी, आज पण तारीखच, असं लांबूनच बोटाने सांगतो.

काल आल्या. वाकून, कमरेवर हात ठेवून.
प्रणयचा फ्लेक्स उन्हाने पांढरा पडलाय, म्हणाल्या,
नवा करा.
तीन बाय दोनच ना?
नाही. त्यांचा केलात तेवढा.

मी मान वर केली नाही.
त्यांनी रुमाल सोडला, नोटा मोजल्या, टेबलावर ठेवल्या.
खाली काय लिहू, भावपूर्ण...
पुढची तारीख लिहा. एकोणीस. सकाळी अकरा. कोर्टाचा नंबर मोठा काढा.
तेव्हा टाळ्या वाजवल्या त्या सगळ्यांनी यावं,
बाकडी रिकामी असतात.

आणि मागे ढग?
ढग नकोत.
हे तुमचं दुकान लावा. असंच, अर्धं शटर.

फोटो काढायला मी रस्ता ओलांडला,
तो पडला होता तिथे उभा राहिलो.

तिथून ती फट
बरीच मोठी दिसते.