दोऱ्याला दोन गाठी

डिसेंबरात वाळवंटावरून वारा येतो
आणि अर्धं कुमासी डोळे चोळत
माझ्या दारात उभं राहतं.
धूळ इथे डोळ्यांत खरोखरीच जाते.
काही जण ती माझ्याही डोळ्यांत फेकतात.

परवाचा ट्रोट्रोवाला. लायसन्सचा कागद घेऊन आलेला.
शेवटची ओळ त्यानं घडाघडा म्हटली,
पाढे म्हणावेत तशी.
मी तक्ता बदलला होता.
तो मात्र बाहेरच्या बाकावरून, उघड्या दारातून
पाठ केलेली जुनीच ओळ म्हणत राहिला.
मला हसू आलं नाही.
त्याच्या गाडीत एका वेळी एकोणीस माणसं बसतात,
त्यांतली एक माझी बहीण.

लोकांना ही परीक्षा वाटते.
मान पुढे काढतात, डोळे बारीक करतात,
झाकलेल्या डोळ्यावरची बोटं हळूच फाकवतात.
"पहिलं बरं, की दुसरं?" विचारलं
की माझ्या तोंडाकडे बघतात,
जणू उत्तर माझ्या भुवईवर लिहिलंय.
मग मीही, बारा वर्षं हेच करणारी बाई,
त्यांच्या भीतीचा नंबर काढून देते.

याव अंपोंसा बोनविरेहून पहिल्या गाडीनं आला.
केंटे विणतो. वय एकाहत्तर.
टेबलावर त्यानं एकेक वस्तू मांडली:
दांडी तारेनं बांधलेला जुना चष्मा,
रक्तदाबाच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट,
मेहुण्यानं दिलेली थेंबांची बाटली
(ही बाटली सगळ्यांकडे असते, सांगत कुणी नाही),
आणि एक पिवळा दोरा, दोन गाठींचा.
"ही गाठ कपाळाला लावायची, ही मागावरच्या कापडाला.
मला पेपर वाचायचा नाही, बाई.
मला इथं दिसायला हवं."

मी टेप लावली. बहात्तर सेंटिमीटर.
आणि मी आल्यागेल्या प्रत्येकाच्या हातात
वर्तमानपत्राचा तोच तुकडा देत आले होते,
चाळिसावर.

"पहिलं, की दुसरं?"
"थांबा." त्यानं पापण्या मिटल्या, उघडल्या.
"परत दाखवा."
दाखवलं.
"सारखंच."
सारखंच! हा शब्द उच्चारायला
लोकांना किती लाज वाटते.
पुढची काच घातली.
"हे जास्त काळं झालं. स्पष्ट नाही झालं.
काळं वेगळं, स्पष्ट वेगळं. आमचा धंदाच तो."
खालच्या ओळीला म्हणाला,
"अक्षर कळत नाही. वर छप्पर आहे, खाली मोकळं. पुढं ठाऊक नाही."

तेवढ्यात वीज गेली.
जनरेटर सुरू होईपर्यंत आम्ही दोघं अंधारात.
बाहेर थंड पाण्याच्या पिशव्या विकणारी पोरगी ओरडत होती.
तेव्हा तो बोलला, मी न विचारताच:
"धोटा डावीकडे गेला की कधी कधी नाहीसा होतो.
मुलगा म्हणतो, वय झालं.
पण वय दोन्ही बाजूंनी होतं ना?"

वीज आल्यावर मी त्याला
ठिपक्यांच्या यंत्रापुढे बसवलं.
दिसला ठिपका, तरच बटण दाबलं त्यानं.
दमला तेव्हा "दमलो" म्हणाला, आणि आम्ही थांबलो.
छापून आलेल्या कागदावर डाव्या कोपऱ्यात
राखेचा ढीग दिसत होता.
अजून लहान. अजून औषधाच्या आवाक्यातला.

कागद बघून त्यानं विचारलं,
"माझं काही चुकलं का?"

चुकलं असतं माझं.
तक्ता, काचा, चाळीस सेंटिमीटर, पुढचा पेशंट.

दोरा तो विसरून गेला, की ठेवून गेला, कळलं नाही.
दिव्याच्या दांड्याला बांधलाय मी.
आणि दार आता लावून घेते.

काल एक शिंपीण विचारत होती, हे काय?
मी म्हटलं, तुझं काम तुझ्या डोळ्यांपासून किती लांब असतं?
ती जरा वेळ गप्प बसली.
मग तिनं हात पुढे केला, खाली नेला,
थोडा मागे घेतला,
आणि हवेत, जिथं तिची सुई असते,
तिथं चिमूट धरली.