तिकिटावरची वेळ

वीजबिलाची आज शेवटची तारीख
आणि पडद्यावर लाल त्रिकोण:
तुमचं कनेक्शन खाजगी नाही.

चष्मा पुसला. पुन्हा वाचलं.
एकोणीस वर्षं ट्रंक टेबलवर काढली मी, ग्वाल्हेर एक्सचेंज,
कानाला हेडसेट, दोन्ही हातांत कॉर्डी.
मला हे कोण सांगतंय?
गव्हाच्या भावापासून मोडलेल्या सोयरिकीपर्यंत
सगळं या कानावरून गेलं.
भिंडचे एक गृहस्थ दर मंगळवारी नाशिक मागायचे
आणि तीन मिनिटं नुसते खोकायचे.
पलीकडची बाई म्हणायची, हं. हं.
कनेक्शन कधीच खाजगी नव्हतं.
खाजगी आम्ही होतो,
सात जणी आणि एक पंखा.

असो. लाइन लागत नसली की
आधी आपली कॉर्ड बघायची, मग जॅक, मग लाइन,
पलीकडच्याला दोष अगदी शेवटी.
हे सुभेदारबाईंनी शिकवलेलं, हातात फूटपट्टी घेऊन.

केबल काढली, फुंकर मारून परत लावली.
राउटर बंद करून शंभर आकडे मोजले.
चारही दिवे हिरवे.
मोबाइलवर तेच पान सुरळीत उघडतंय,
पण अक्षरं मुंगीएवढी, आणि पैशाचे आकडे
मला मोठेच दिसायला हवेत.
म्हणजे लाइन ठीक, पलीकडचा ठीक.
राहिला टेबलाखालचा हा धुरकट डबा,
रिटायर झाले तेव्हा फंडातून घेतलेला.

शेजारचा अंशुल सिकरवार डोकावून गेला.
"बुआजी, ये तो डायनासोर है. नया ले लो."
त्याला वाटीभर चिवडा दिला. मत घेतलं नाही.

कॅश पुसली, कुकीज पुसल्या.
एक बटण होतं, धोका पत्करून पुढे जा.
ते नाही दाबलं.
मग खालची बारीक ओळ वाचली, जी कोणी वाचत नाही:
या संकेतस्थळाचं प्रमाणपत्र अजून लागू झालेलं नाही.

अजून?

कोपऱ्यात घड्याळ. बारा एकवीस.
एक जानेवारी दोन हजार सात.

हसले. मग जरा वेळ नाही हसले.
आमच्याकडे तिकिटावर वेळ चुकली
तर सुपरवायझर कॉल मानायचेच नाहीत.
बोलणं झालेलं, दोन्हीकडची माणसं रडलेली,
तरी कॉल झालाच नाही.
हा बिचारा तसाच. पलीकडून खरा शिक्क्याचा कागद दाखवतायत
आणि हा म्हणतोय, ही तारीख उजाडू तर दे.
वीजबिलाला त्याच्या हिशेबी सतरा वर्षं मुदत.

डबा उघडला. धूळ, एक मेलेलं झुरळ,
आणि रुपयाएवढा सेल.
तो रुमालात बांधून डीडवाना ओळीत गेले.
जब्बारभाईंनी डोळ्याचं भिंग न काढताच म्हटलं,
"ये तो कब का सो गया."
चाळीस रुपये.

नवा बसवला. तारीख घालायला बसले.
वर्षाचा बाण सतरा वेळा दाबायचा होता.
दोन हजार तेरापाशी बोट अडलं.
का, ते खाजगी.
पुढे दाबत गेले.

पान उघडलं. वर इवलंसं कुलूप.
ग्राहक क्रमांक टाकला
आणि लाइट गेली.
अख्खी गल्ली एका सुरात म्हणाली, "गई!"

जूनचा उकाडा. अंधारात तशीच बसून राहिले.
डबा गार पडत चालला होता,
पण आत कुठेतरी तो चाळीस रुपयांचा सेल
कोणी विचारत नसताना सेकंद मोजत होता.

पावणेआठच्या सुमारास लाइट आली.
पडदा म्हणाला, सात शेहेचाळीस.
माझं मनगट म्हणालं, सात त्रेचाळीस.
मनगटावरचं पुढे केलं.

बिल भरलं. मग वहीचं पान फाडून
जुन्या वळणाने लिहिलं, पडद्याच्या कडेला चिकटवलं:
मागणारी, लष्कर. हवे होते, वीज कंपनी.
लागली १९.५२.