कोमट पाणी

खानापूरच्या अलीकडं, मलप्रभेच्या काठाला,
आमच्या चर्चच्या कमिटीत
मी अकरा मतांनी अध्यक्ष झालो.
इनास सोज उभा राहिला असता
तर माझं डिपॉझिट गेलं असतं.
त्यानं नाव मागं घेतलं. कारण विचारलं तर म्हणाला,
"कौलं चाळायची राहिल्यात की, ओ."

मी खडेबाजारातून शिक्का करून आणला,
रबराचा, जांभळ्या शाईचा,
आणि घरी, दार लावून,
कोऱ्या वहीवर चार वेळा मारून बघितला.

रविवारची पहिली मिस्सा मराठीत की कानडीत,
या भांडणात शेवटचं मत माझं.
दोन्हीकडची माणसं ओसरीवर येऊन बसत.
त्यांचा चहा गार होईस्तोवर मी आत थांबे.
खोटं कशाला सांगू, बरं वाटायचं.

इनास तेव्हा छपरावर.
कुंभाराकडची नवी कौलं बसवायचा,
माकडं फोडायची,
तो पुन्हा शिडी लावायचा.

पवित्र गुरुवारी पाय धुवायला बारा जण निवडायचे.
यादी माझ्या अक्षरात. पहिलं नाव माझं.
शेवटी, जागा उरली म्हणून, रेजिनामावशी.

फादर गुडघ्यांवर बसले.
तांब्यातलं पाणी पावलावर आलं
आणि मी दचकलो:
कोमट होतं.

आमच्या विहिरीचं पाणी चैत्रातही हाडात शिरतं.
मागचं दार उघडं होतं.
तिथं तीन दगडांची चूल, काळं भगुणं,
आणि फुंकर घालणारी वाकलेली पाठ.
मावशीच्या गुडघ्यांना गार पाणी सोसत नाही,
हे माझ्या यादीत कुठं लिहिलेलं नव्हतं.

प्रभूनं कमरेला पंचा गुंडाळला,
शिष्यांचे पाय धुतले,
ही गोष्ट मी चाळीस वर्षं ऐकतोय.
घागर कुणी भरून ठेवली होती
हे एकदाही विचारलं नाही.

यंदा मुदत संपली.
लोक म्हणाले, उभे राहा, बिनविरोध करतो.
रात्रभर झोप नाही.
शिक्का दोनदा कपाटातून काढला, दोनदा ठेवला.
मोह गेला असं म्हणवत नाही,
बोटाच्या पेरात शाई अजून आहे.

गुरुवारी संध्याकाळी
बाभळीची चार लाकडं घेऊन मागं गेलो.
इनासनं मान वर केली नाही.
भगुण्यात बोट बुडवून बघितलं,
मग म्हणाला,
"धूर तिकडं जातोय. इकडं सरक की."