मतलई

शलाकाचा फोन येतो तेव्हा इथे रात्र,
तिथे उन्हं. आइसलंडच्या पूर्वकाठी
कुठल्याशा बंदरात ती मासळीची वजनं लिहिते.

म्हणाली, काका, ईशान्येला इथे लान्दनोर्दुर म्हणतात,
जमिनीकडची उत्तर.
आणि मी खिडकीतून बघते तर तिकडे नुसतं पाणी.
शब्द नॉर्वेहून आला, होडीत बसून.
तिथे जमीन उगवतीला होती, समुद्र मावळतीला.
माणसं बेटावर उतरली,
शब्दाला कोणी सांगितलंच नाही.

सिटी सर्व्हेत चौतीस वर्षं मी नकाशे काढले,
प्रत्येकाच्या कोपऱ्यात उत्तरेचा बाण.
त्यांची उत्तर म्हणे मुळातली डावी,
उगवतीकडे तोंड करून उभ्या माणसाची.
गच्चीवर जाऊन उभा राहिलो,
पटेलांच्या टाकीकडे तोंड करून,
उजवा हात पसरला. दक्षिण.
आपली तर शब्दातच उजवी.
त्यांची आउस्तुर न् आपली उषा एका कुळातल्या,
वेस्तुरमध्ये तिन्हीसांज, सूदुरमध्ये सूर्य.

खंडेराव मार्केटातला भाजीवाला
अजून मला दक्षिणी काका म्हणतो.
सात पिढ्या झाल्या.
दक्षिणेला मी गेलोय तीनदा,
त्यात एकदा चुकीच्या लग्नाला.

बाबा प्रतापनगरच्या वर्कशॉपात फिटर.
पहाटे सायकल काढताना मान वर करून म्हणायचे,
मतलई सुटली.
देवगडचे मचवे बाहेर काढणारा वारा तो,
जमिनीवरून दर्याकडे जाणारा.
इथे कुठला मचवा? विश्वामित्रीत मगरी.
मी हसायचो.
बाबांनी स्वतः समुद्र पाहिला तो पन्नाशीत,
आणि तेव्हा म्हणाले, खारट आहे.

काल फोन ठेवल्यावर जुना नकाशा पसरला,
सवयीनं पट्टी ठेवली.
ईशान्येला पावागड.
नैऋत्येला, बरंच खाली, खंभातचं आखात.
जमीन तिकडे, पाणी इकडे.
शलाका, तुझ्या बंदरातला बेघर शब्द
वडोदऱ्यात अगदी मापात बसतो गं.

झोप नव्हतीच. पाचाच्या सुमारास
टाकीच्या मागून, पावागडच्या अंगानं
दोरीवरचा टॉवेल हलला.
तिला दोनच शब्द कळवले,
मतलई सुटली.

तिथे अजून काल चालू होता.