टोपीची पेटी

पोलिकार्पोला सांगू नका,
आज पुन्हा मी हवेतून गेले.

एल आल्तोहून खाली ला पासला उतरायचं
म्हणजे हिशेब आलाच.
मिनीबसला पैसे कमी, पण भरेपर्यंत ती हलत नाही.
दोरावरचा पाळणा कुणासाठी थांबत नाही,
चालता चालताच आत घेतो.
पायऱ्या फुकट, गुडघे मात्र माझे.
टॅक्सीत मी एकदाच बसले,
थोरल्याच्या वेळी, कळा देत.

मांडीवर पेटी असते.
आत दोन टोप्या, वाफेवर बसवलेल्या,
कड हाताने वळवलेली.
मागे मिनीबसमध्ये एका वळणावर
बटाट्याचं पोतं येऊन बसलं पेटीवर.
दोन रात्रींचं काम.
पोतंवाली म्हणाली, ‘अगं टोपीच ना,
डोकं तर नव्हतं आत!’
सगळी गाडी हसली. मीसुद्धा.

पाळण्यात असं कुणी हसत नाही.
गुडघ्याला गुडघा न लावता बसतात,
फोनकडे बघतात.
स्टेशनाचं नाव भिंतीवर लिहिलेलं,
ओरडावं लागत नाही.
मी बावीस वर्षं त्याच्या दारात लटकून ओरडले:
सेखा सेखा सेखा, दोघांना जागा आहे, सरका बाई!
घसा तिथेच राहिला.

लाल दोर कबरस्तानावरून जातो.
कोनाड्यातून सासू बघते.
‘माझ्या लेकाच्या पोटावर पाय देऊन
कुठं निघालीस झुलत?’
तिची फुलं वाळलीत,
तेही मला वरूनच कळलं.

मग गाड्यांच्या गुंत्यात एक टप दिसतो,
उजव्या कोपऱ्यात हिरवं ठिगळ,
गळायचा म्हणून मीच डांबर लावून बसवलेलं.
एवढंसं कधी दिसलं नव्हतं.
दारात कुणी नाही.
तोच चालवतो, तोच सुटे मोजतो, तोच ओरडतो.
इथवर काही येत नाही,
पण कुठल्या कोपऱ्यावर तो कुठलं नाव घेतो
ते माझे ओठ जाणतात.
समोरच्या पोरीनं कानातलं काढलं:
‘काही म्हणालात?’

येताना मी त्याचीच गाडी धरते,
आधीच्या पाच सोडून.
पेटी रिकामी, आता दबली तरी चालेल.
‘जाताना कशानं गेलीस?’
‘चालत.’
तो आरशातून माझ्या बुटांकडे बघतो.
‘धूळ नाही,’ म्हणतो,
आणि गिअर टाकतो.