हातउसनं

डंडी. फेब्रुवारी. दुपारचे साडेतीन, आणि दिवे लागलेले.
टे नदीवरचा वारा खिडकीच्या रबरातून शिट्टी घालतो.
मी न्यूमोकॉकसना औषध देते आहे.
मरतील इतकं नाही,
घाबरतील इतकं.

इशबेल म्हणते, छळतेस तू त्यांना.
एकोणतीस वर्षं ती इथल्या काचा धुते आहे,
तिला बोलायचा हक्क आहे.

छळ म्हण. पण बघ,
रस्सा पोटभर, सदतीस अंशांची ऊब,
तेव्हा हे कुणाकडे ढुंकून बघत नाहीत.
आपल्यासारखेच दोन होतात, दोनाचे चार,
तोच पाढा, तीच चूक.
चटका बसला की मात्र
प्रत काढणारा हात आत कुठेतरी अडखळतो
आणि एक कुजबुज सुटते बाहेर,
सतरा मण्यांची, एवढीशी.
ज्याच्या कानी पडते, तो दार उघडतो.

वीसेक मिनिटं.
मग पुन्हा कडी.
मी ही वेळ वहीत लाल पेनने लिहिते, कारण ती चुकली
की अख्खा आठवडा पाण्यात.

दाराबाहेर असतं ते मेलेल्यांचं.
फुटलेल्या पेशींमधून सांडलेलं सूत, लांबच लांब, विस्कटलेलं.
आणि फोडलं कुणी त्यांना,
हे मी इशबेलला सांगायचं टाळते.
ज्यांनी दार उघडलं त्यांनीच.
कुजबुज ज्याला ऐकू आली नाही
अशा शेजारच्या भावाला.

आमच्याकडे भाऊबंदकी असते, बांधावरून, विहिरीवरून,
पण पाडलेल्याचं काही असं
अंगात शिवून घेत नाहीत.

नाही कसं?
सव्वीस वर्षं काकांशी अबोला धरलेले माझे वडील
'ळ' काढायचे हुबेहूब काकांसारखा,
शेपूट उलटी वळवून.

दुपदरी धाग्यातला एकच पदर आत येतो.
दुसऱ्याचा उंबऱ्यावरच चुरा.
आत आलेला जुळला तर टाका बसतो,
नाही जुळला तर तोही खाऊन टाकायचा.
या दार उघडण्याला इंग्रजीत जे म्हणतात
त्याचं मराठी मी 'पात्रता' असं केलं होतं एकदा, आईला फोनवर सांगताना.
ती म्हणाली, म्हणजे तुझ्या व्हिसाची असते तशी?
नाही, ती वेगळी.
ती नऊ एप्रिलला संपते.

इशबेलच्या अंगात आज पुरुषी स्वेटर आहे,
करडा, कोपरांवर हिरव्या लोकरीने रफू केलेला.
डगलचा. नाताळात गेला.
आठ वर्षं बोलत नव्हते दोघं, आईच्या घड्याळावरून.
बटणं उलट्या बाजूला,
तिची बोटं अजून चाचपडतात.
गरम आहे, म्हणते. एवढंच. आणि नळ सोडते.

दुसऱ्या दिवशी थाळ्या उजेडात धरल्या.
हे जहाल औषध, याच्यावर काही जगायला नको होतं.
पहिल्या थाळीवर नुसतं घोड्याचं रक्त, गुळगुळीत, लाल.
दुसरीवर एकसष्ट ठिपके,
प्रत्येकाभोवती शेवाळी वलय.
मी दोनदा मोजले.

इशबेल खांद्यावरून वाकली.
हे कसे जगले?
मेलेल्याकडून घेतलं, मी म्हटलं. त्याच्याकडे होतं, यांच्याकडे नव्हतं.
मागून?
मी वहीकडे बघितलं.
नाही, म्हटलं. मागून नाही.

ती काही बोलली नाही.
फोटो काढून झाल्यावर थाळ्या पिशवीत भरल्या,
ऑटोक्लेव्हचं चाक घट्ट फिरवलं.
एकशे एकवीस अंश, पंधरा मिनिटं, रोजचंच.
मग उभी राहिली, हात स्वेटरच्या खिशात,
आणि तिथे काहीतरी लागलं तिच्या हाताला.
बाहेर काढलं, चष्मा वर करून बघितलं,
परत ठेवलं.